चौतिसांतला एक

बीजिंगहून परत येऊन आठ महिने होत आले, तरी एक पांढरा कापडी बूट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो बूट एका वाटाड्या बाईचा होता. चिनी ज्येष्ठ नागरिकांचा एक जथा, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या, तिच्याभोवती अर्धवर्तुळ करून उभा होता आणि ती गालाशी लावलेल्या बारीक ध्वनिक्षेपकातून, दगडी कठड्यावरच्या एका सिंहाकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिने उजवा पाय जमिनीपासून वीतभर उचलला, जरासा पुढे झटकला आणि पुन्हा खाली ठेवला. बुटात खडा गेला असेल, असे मला वाटले. मंडळी आधी हसली. मग तिचा आवाज उतरला, आणि ज्या बायका हसल्या होत्या त्यांच्याच तोंडून ‘अय्या’ असा, थेट आपल्या माजघरातून आल्यासारखा उद्गार निघाला. चिनी बायकाही ‘अय्या’ म्हणतात हे मला त्या आठवड्यातच कळले होते. पण त्यांच्या ‘अय्या’त नवल असते तशी हळहळही असते.

मी शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारले, “काय म्हणाली?” तीन वर्षे तिथे नोकरी केल्यामुळे त्याला चिनी चांगले येते. तो क्षणभर सिंहाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “एका सम्राटाला हा सिंह बघून त्याच्या मेलेल्या मुलाची आठवण यायची. म्हणून त्यानं सिंहावर लाल कापड घालायला लावलं.” “एवढंच?” “एवढंच.” दोन-अडीच मिनिटांचे बोलणे, एक हशा, एक हळहळ, आणि माझ्या पदरात पडली दोन वाक्ये. बांधकाम खात्यात तीस वर्षे मोजमाप वही भरलेल्या माणसाला ही तूट जागेवरच खटकायला हवी होती. ती खटकली नाही, कारण मी तेव्हा पुलाचे सांधे पाहण्यात गुंतलो होतो.

बूट मात्र लक्षात राहिला.

निषिद्ध नगरीत, म्हणजे चिनी सम्राटांच्या जुन्या राजवाड्यात, जायचे तर पारपत्राचा क्रमांक देऊन आधीच तारीख ठरवावी लागते, सोमवारी दार बंद असते, आणि हिवाळी हंगामात चाळीस युआन भरून दक्षिणेच्या भव्य वू-मन दरवाजातून आत शिरले की लोंढा आपल्याला सरळ उत्तरेला वाहून नेतो. नोव्हेंबरची सकाळ होती. थंडी कोरडी, नाकाच्या आतली कातडी ताणणारी. आत शिरताच डाव्या-उजव्या हाताला वळत गेलेला धनुष्याच्या आकाराचा पाण्याचा प्रवाह आणि त्यावरचे पाच पांढरे पूल दिसले. मधला पूल सम्राटाचा, बाकीचे पायरीपायरीने खालच्या दर्जाच्या लोकांचे. आता मधल्या पुलावर भाड्याने आणलेली राजकन्येची वस्त्रे नेसलेल्या मुली, तोंडाला भरपूर रंग लावून, छायाचित्रकाराच्या हुकमावर मान तिरकी करीत होत्या. पलीकडच्या चौकांत दगड, विटा आणि आभाळ याखेरीज काही नाही. राजसभांच्या त्या मुख्य अंगणांत एक झाड नाही. माणसाला आपण मुंगीएवढे आहोत असे वाटावे यासाठीच ते मोकळे ठेवले असावे, आणि ते काम आजही चोख होते. माझ्यावर त्याचा परिणाम असा झाला की मला बसावेसे वाटू लागले. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “बाबा, तुम्हाला पूल बघायचे असतील तर हे सोडा. एक जुना आहे, तिकडे गर्दी नसते.” पश्चिमेच्या दरवाजातून बाहेर पडून आम्ही उजवीकडे वळलो, आणि शंभर-दीडशे पावलांत कलकलाट मागे राहिला.

तिथे झाडे होती. ह्वाय नावाची, शिरीषासारख्या बारीक पानांची, खोडाला पीळ पडलेली जुनी झाडे; ‘अठरा ह्वाय’ असेच त्या जागेचे नाव आहे. त्यांच्या अलीकडे, लाल भिंतींच्या मधोमध, एकाच कमानीचा तो पूल. त्याचे नाव दुआनहोंग, म्हणजे तुटलेले इंद्रधनुष्य. इतका सुबक, कुठे तडा न दिसणारा पूल आणि त्याला नाव तुटक्याचे, हे मला प्रथम विचित्र वाटले. मुलाने खुलासा केला की चिनी भाषेत अर्धे दिसणाऱ्या इंद्रधनुष्यालाही तसेच म्हणतात, आणि कमानीचे तेवढेच तर दिसते. उरलेले वर्तुळ पाण्याखाली असते. पाण्यातल्या प्रतिबिंबाने ते पुरे होते, असे तो म्हणाला नाही. तो मुळात कमी बोलतो. मीच कठड्यावरून वाकून पाहिले. पाणी हिरवट आणि निवांत होते, आणि त्यात कमानीची दुसरी बाजू हलकेच थरथरत होती.

मी सवयीप्रमाणे पावलांनी पूल मोजला. नंतर पाहिले तर नोंद आहे लांबी १८.७ मीटर आणि रुंदी ९.२ मीटर, माझी पावले लांबीत दीड मीटर चुकली होती, त्याचे खापर मी थंडीवर फोडतो. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाशी याची तुलना करणे म्हणजे विहिरीची कृष्णेशी तुलना करणे होईल. पण लहान पुलात लबाडीला जागा नसते. एकच कमान, तिचे चिरे एकमेकांना रेटून उभे, वरून जाणारा भार दोन्ही काठांना वाटून दिलेला. एक चिरा जरी तिरका घडला गेला तरी शंभर वर्षांत तो आपली कुरकुर दाखवतोच. हा पूल त्याहून कितीतरी जुना आहे. काही अभ्यासक तो मंगोलांच्या युआन राजवटीतला मानतात. त्या वेळच्या राजवाड्यासमोर तीन समांतर पूल होते, त्यांपैकी हा एकटा वाचला असे त्यांचे म्हणणे. दुसरे म्हणतात की १४०६ ते १४२० या काळात निषिद्ध नगरी उभी राहिली तेव्हाचाच, मिंग राजवटीच्या आरंभीचा. माझ्या बाजूने सांगायचे तर कठड्यावरचे कोरीव काम पाचही पुलांपेक्षा इतके सरस आहे, की हा हात वेगळ्या पाथरवटांचा असावा असे वाटत राहते. कठड्याच्या फळ्यांवर फुलांच्या वेलीतून पळणारे ड्रॅगन आहेत. त्यांच्या अंगावरची खवले इतक्या शतकांच्या पावसाने गुळगुळीत झाली आहेत, पण नख्या अजून टोकदार आहेत.

खालचे पाणी हे शोभेचे असावे असा माझा समज होता. राजवाड्याच्या वायव्य कोपऱ्यातून खंदकाचे पाणी आत घेतले जाते, पश्चिमेच्या बाजूने, भिंतींच्या कडेकडेने वळणे घेत ते इथे येते, या पुलाखालून त्या पाच पुलांकडे जाते आणि आग्नेयेला बाहेर पडते. दोन किलोमीटरांहून जास्त लांबीचा हा प्रवास. पश्चिम दिशा धातूची मानतात, म्हणून याचे नाव सुवर्णजल. पण मिंग राजवटीच्या अखेरीस राजवाड्यात चाकरीला असलेल्या ल्यू रुओयू नावाच्या एका खोजाने स्पष्ट लिहून ठेवले आहे, की ही नदी मासे पोहताना पाहून मन रमवण्यासाठी नाही आणि उगाच वळणे देऊन सामान खर्ची घालण्यासाठीही नाही. आग लागली तर हेच पाणी खरा आधार आहे. त्याच्या हयातीत, १६२४ मध्ये आणि पुन्हा दोन वर्षांनी, या प्रवाहाच्या काठच्या इमारतींना आग लागली तेव्हा याच पाण्याने निभावले, हेही तो सांगतो. सगळा राजवाडा लाकडाचा, वर लाख आणि तेल, वीज पडली की पेटायचे. त्यामुळे त्या खोजाचे वाक्य वाचले तेव्हा मला तो आपल्या खात्यातला वाटला. दरबारी कवींनी या पाण्यावर काय काय लिहिले असेल कोण जाणे, पण पाणी कशासाठी आणले हे सांगायला एक चाकरच लागला.

दगडाची कथाही अशीच. निषिद्ध नगरीतला बराचसा पांढरा दगड बीजिंगच्या नैर्ऋत्येला सुमारे सत्तर किलोमीटरांवरच्या फांगशानच्या खाणींतला. मोठे दगड आणायचे ते ऐन हिवाळ्यात. वाटेवर ठरावीक अंतराने विहिरी खणायच्या, त्यांचे पाणी रस्त्यावर ओतून त्याचे बर्फ होऊ द्यायचे, आणि त्यावरून घसरगाडी ओढत न्यायची. १५५७ सालची नोंद आहे, की १२० टनांहून जड असा एक दगड अशा रीतीने २८ दिवसांत शहरात पोचला. चाके असताना त्यांनी घसरगाडी वापरली, कारण चाकांना तो भार पेलवत नव्हता आणि खडबडीत रस्त्यावर दगडाला हादरे बसले असते. हे वाचल्यापासून पुलावरचे चिरे माझ्या मनात थंडच असतात. त्या दिवशी हातमोजा काढून कठड्याला बोट लावले असते तर खरेच कळले असते, पण मुलगा हळूच म्हणाला, “हात नको लावूस, बाबा.” एरवी तो मला तुम्ही म्हणतो. लहानपणी तू म्हणायचा. मधेच कधी बदलले ते मी लक्षात घेतले नव्हते. त्या दिवशी चुकून निघालेल्या ‘लावूस’ने मला एवढे बरे का वाटले, याचाही विचार तेव्हा केला नाही.

आणि सिंह. कठड्याच्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडी कमळ आणि त्या कमळावर बसलेला सिंह, असे एकूण चौतीस. एकही दुसऱ्यासारखा नाही. एकाने अंगावर पिल्ले खेळवली आहेत, एक मान वाकडी करून मागचा आवाज ऐकतो आहे, एकाचे तोंड असे की नुकतीच सुपारी कातरून झाली असावी. राजवाड्यातल्या दारांपुढचे ब्राँझचे सिंह छाती काढून बसतात; हे सिंह सुट्टीवर आलेले वाटतात. माझी खात्री आहे की पाथरवटांनी वेळ घालवण्यासाठी आपापसांत नकला करीत हे घडवले असतील. कामावर असे एखादे पोर असतेच, जे मुकादमाची चाल हुबेहूब करून दाखवते. आणि त्या चौतिसांत तो एक, ज्याच्याकडे वाटाड्या बाई बोट दाखवत होती. त्याचा एक पंजा डोक्यावर आहे, दुसरा खाली, दोन मांड्यांच्या मधे दाबून धरलेला. भुवया आत ओढलेल्या. मला ते पाहून हसू आले, हे कबूल केले पाहिजे. क्रिकेटचा चेंडू नको तिथे लागल्यावर मैदानावरचा फलंदाज जसा दिसतो, अगदी तसा.

मी त्याचा फोटो काढायला गेलो. पिवळ्या टोप्यांची गर्दी तोवर पांगली नव्हती. मुलगा म्हणाला, “इथे नको, ऊन डोळ्यांवर येतंय. चला तिकडे, मी तुमचाच काढतो.” त्याने मला समोरच्या कठड्यापाशी नेले, पिल्ले खेळवणाऱ्या सिंहाशेजारी उभे केले, मफलर नीट केला आणि तीन फोटो काढले. मग आम्ही ह्वायच्या झाडांखाली बाकावर बसलो. त्याने थर्मासमधले गरम पाणी मला दिले, मी पिशवीतला खाकरा काढला. हिचा गुडघा दुखत नसता तर तीही आली असती, असे आम्ही दोघेही दिवसातून एकदा म्हणत होतो. तेव्हाही म्हणालो.

घरी आल्यावर मोजमाप पुरे करण्याची खोड स्वस्थ बसू देईना. एका दुपारी मी त्या पुलाबद्दल मिळेल ते इंग्रजीतून वाचत बसलो आणि सिंहाची गोष्ट पुरी सापडली. चिंग घराण्यातल्या सम्राट दाओग्वांगचा थोरला मुलगा यीवेई. त्याला शिकवणारे गुरुजी सारखे म्हणत, की अभ्यास कर, पुढे तुला सम्राट व्हायचे आहे. एकदा मुलगा चिडून म्हणाला, की मी सम्राट झालो की पहिल्यांदा तुम्हालाच मारीन. हे बापाच्या कानावर गेले. बापाने त्याला बोलावून घेतले, आणि तो गुडघे टेकत असतानाच त्याला लाथ मारली. ती नको तिथे बसली. मुलगा त्यातून उठला नाही. पुढे कधीतरी दुआनहोंग पुलावरून जाताना दाओग्वांगची नजर त्या सिंहावर गेली. एक पंजा डोक्यावर, एक खाली. त्याला पुढे जाववेना. त्याने सिंह लाल कापडाने झाकायचा हुकूम दिला.

म्हणजे बुटात खडा गेला नव्हता.

ही दंतकथा आहे. इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि मलाही ती फार बेतलेली वाटते. गुरुजी, उर्मट उत्तर, रागीट बाप, सगळे आयते जुळलेले. खात्रीने सांगता येते ते एवढेच, की यीवेई १८०८ मध्ये जन्मला, त्याची आई आधी राजवाड्यातली दासी होती, आणि तो १८३१ च्या मे महिन्यात, जेमतेम तेविसाव्या वर्षी वारला. त्याच्या पाठचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते. म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या दाओग्वांगला त्या दिवशी एकही मुलगा उरला नव्हता. पुढे सम्राट झालेला चौथा मुलगा त्यानंतर दोन महिन्यांनी जन्मला. हाच तो दाओग्वांग, जो ठिगळ लावलेले कपडे घालण्याइतका काटकसरी म्हणून ओळखला जाई, आणि ज्याच्या कारकिर्दीत पहिले अफूयुद्ध झाले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून त्याच्याच राज्यात जात होती, तेव्हा आपला आणि त्याचा काहीच संबंध नाही असेही म्हणता येत नाही. त्या युद्धात त्याने हाँगकाँग गमावले. पण पुलावर उभे राहून त्याच्याबद्दल सांगायचे ते हे नव्हे. तिथे येणाऱ्या शेकडो माणसांच्या लेखी तो मुलाला लाथ मारणारा बाप आहे, मग त्याने ती मारलेली असो वा नसो.

यात मला सर्वांत चमत्कारिक वाटते ती सिंहाची बाजू. तो निदान चारशे वर्षे आधी घडवला गेला होता. पाथरवटाच्या मनात काय होते, कुणास ठाऊक. खाज, पोटदुखी, चेष्टा, काहीही. पूल युआन काळातला असो की मिंग काळातला, ज्या राजघराण्याची ही गोष्ट, ते तेव्हा अस्तित्वातही नव्हते. चारशे वर्षे तो कळवळत बसला आणि कुणी विचारले नाही. मग एक राजपुत्र तरुणपणी गेला, लोकांना कारण हवे होते, आणि कारण दगडात आयते बसलेले सापडले. गोष्टीने सिंहाला पकडले म्हणावे की सिंहाने गोष्टीला, हे ठरवता येत नाही. यापुढे मात्र त्याला नुसती खाज सुटलेली दिसणार नाही.

आता जे सांगायचे आहे ते मी इतकी वर्षे कुठे सांगितलेले नाही, आणि इथेही थोडक्यातच सांगतो. मुलगा नववीत होता. पावसाळ्याचे दिवस, एका ओढ्यावरच्या फरशी पुलाचे काम माझ्याकडे होते, आणि त्या दिवशी आलेल्या पाण्याने कामाच्या फळ्या, बांबू, सगळे वाहून नेले होते. रात्री नवाला मी चिखलाने भरलेला घरी आलो. तेव्हा कळले की चिरंजीव महिनाभर शिकवणीला गेलेले नाहीत, आणि शिकवणीचे पैसे भरलेले नाहीत. त्यांची बॅट आली आहे. तो तेव्हा कॉटखाली वाकून ती बॅटच बाहेर काढत होता, बहुधा परत करण्यासाठी. मी काही बोललो नाही. पायातले बूटही काढले नव्हते. मागून लाथ मारली. ती कमरेत बसली, त्याचे कपाळ कॉटच्या लोखंडी पायावर आपटले. हिने हळद लावली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला, आठवड्याने शिकवणीला जाऊ लागला, बॅट माळ्यावर गेली. भुवईच्या टोकाला त्याच्या अजून एक पांढरी रेघ आहे. आमच्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण ते कपाळाला लावतो, माणसाला लागला तर हात जोडतो. मी त्या रात्री काहीच केले नाही. जेवलो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि वाहून गेलेल्या सामानाचा पंचनामा अगदी तपशिलाने लिहिला.

तो कॉटखालून उठला तेव्हा त्याचा एक हात कपाळावर होता आणि दुसरा कमरेवर. निदान आज मला तसेच दिसते. पण हे मला खरोखर आठवते आहे, की सिंह पाहिल्यानंतर माझ्या आठवणीने त्याची बैठक उसनी आणली आहे, हे मला सांगता येत नाही. अठरा वर्षे मी त्या रात्रीकडे पाठ करून होतो. पाठ करून पाहिलेल्या गोष्टीत हात कुठे होते हे कसे दिसावे? लोकांनी सिंहाच्या पंजांवर राजपुत्राचे मरण ठेवले, आणि मी कदाचित माझ्या पोराच्या हातांच्या जागी सिंहाचे पंजे बसवले. हिला विचारता येईल. तिला सगळे आठवत असते. म्हणूनच विचारलेले नाही.

मुलाने मला गोष्ट अर्धी का सांगितली, याची मी आठ महिन्यांत बरीच उत्तरे लावून पाहिली आहेत. सरळ उत्तर असे, की बापासमोर मांड्यांमधली गोष्ट बोलायला आपल्याकडची मुले लाजतात. पंचविशी-तिशी उलटली तरी लाजतात. तेच खरे असेल. किंवा गर्दीत त्याला नीट ऐकू आले नसेल. किंवा लांबण लावायचा त्याला कंटाळा आला असेल. मी दिवसभर ‘ही काय म्हणते, तो काय म्हणतो’ असे विचारून त्याला पिडले होते. या तिन्ही उत्तरांवर मी एकेक आठवडा सुखाने काढला. मग मी ते तीन फोटो पुन्हा काढून बसलो. नोव्हेंबरातल्या सकाळी दहाचे ऊन आग्नेयेकडून येते, हे सांगायला अभियंता लागत नाही. पुलाच्या एका बाजूला ते जेवढे डोळ्यांवर येते तेवढेच समोरच्या बाजूला यावे, कारण दोन्हींत अंतर नऊ मीटरांचे आहे. फोटोत मी डोळे बारीक करून उभा आहे. माझ्या शेजारी तो पिल्लांचा सिंह. ज्याला पाहायला आम्ही थांबलो होतो, तो माझ्या कुठल्याच फोटोत नाही. माझ्याकडे त्याचे जे काही आहे ते परक्या लोकांनी काढलेले.

लाल कापडाबद्दल मी आधी असा विचार करीत होतो, की पाहवत नाही म्हणून झाकणे हा सम्राटाचा थाट झाला. आपल्याला नको असलेले झाकायला त्याच्याकडे माणसे होती. कापड कुठले असेल, रेशमी की साधे, ते पावसाने फिकटले की कोण बदलत असेल, काटकसरी सम्राटाच्या राज्यात त्याचा खर्च कुठल्या सदरात पडला असेल, असलेही प्रश्न मला पडले होते. आणि झाकल्यावर तो सिंह विसरणे तर अशक्यच. तेहतीस पांढरे आणि एक लाल. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक खोजाला, प्रत्येक दासीला कळत असणार की त्या कापडाखाली काय आहे. आता कापड नाही. सिंह उघडाच बसतो आणि लोक हसतात. पण कुणी दुसऱ्यासाठी झाकावे, आणि ते झाकले आहे हेही कळू न देता, हा प्रकार त्या गोष्टीत नव्हता. तो मी तिथे उभा असताना माझ्या पाठीमागे घडला असावा, मफलर नीट करता करता.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आई आधी बोलते, मग फोन माझ्याकडे येतो, हा शिरस्ता. हवा, ऑफिस, भाजीचे भाव झाले. मग मी म्हणालो, “तो पूल आठवतो का रे, सिंहांचा?” तो म्हणाला, “हो.” पुढचे वाक्य माझ्याकडे महिनाभर तयार होते, मी ते मनात चिनी वाटाड्या बाईच्या आवाजातही म्हणून पाहिले होते. फोनमध्ये कुठेतरी त्यांच्याकडचा पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, “परत गेलास का तिकडे?”

“नाही. पण आता जायला पाहिजे,” तो म्हणाला. “ह्वाय फुलतो या दिवसांत. बारीक पिवळट फुलं असतात, झाडाखाली सडा पडतो म्हणतात. कमानीखालच्या पाण्यावर पण तरंगत असतील.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “फोटो काढून पाठवू?”

“पाठव,” मी म्हणालो. “त्या सिंहाचाही पाठव.”

कोणत्या, हे त्याने विचारले नाही.